जुना टेम्पो आणि पाणी



कल्याणच्या बाजार समितीत भल्या पहाटे भाजी भरायला उभ्या असलेल्या गाड्यांकडे एकदा नजर टाका. नव्या कोऱ्या गाड्या असतातच, पण त्यांच्या जोडीला दहा, बारा, चौदा वर्षांच्या गाड्याही काही कमी नसतात. कुणाची टाटा २०७, कुणाची महिंद्राची पिकअप, कुणाचा ‘छोटा हत्ती’. गाडी कोणत्याही कंपनीची असो, आपण तिला म्हणायचे टेम्पोच. १९५८ साली निघालेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकी गाड्या रस्त्यावरून गेल्या, नाव मात्र मागे राहिले.

अशा एकेका जुन्या टेम्पोवर एकेक घर चालते. मालक तोच, ड्रायव्हरही तोच. कर्जाचे हप्ते नुकतेच कुठे फिटलेले असतात, आता चार पैसे हातात राहायचे, आणि नेमकी तेव्हाच गाडी दुखणी काढू लागते. एक फेरी चुकली की त्या दिवसाचे भाडे तर बुडतेच, शिवाय ठरलेले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या गाडीकडे जाते आणि तिकडेच रमते. आज मी बोलणार आहे ते या मालकाशी.

‘गाडी किती किलोमीटर चालली?’ असे आपण एकमेकांना विचारतो. जुनी डिझेल गाडी विकत घेतानाही पहिला प्रश्न तोच. पण ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात गाडी किती चालली यापेक्षा तिने किती पाणी खाल्ले हे विचारणे अधिक शहाणपणाचे. इकडे पावसाळाभरात दोन-अडीच मीटर पाऊस पडतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी. जुन्या गाडीची जी मोठी दुखणी गॅरेजात येतात, त्यांतली बरीचशी शेवटी पाण्यापाशी जाऊन पोचतात. काही ठिकाणी पाणी हवे असते आणि तिथे ते नसते किंवा वाईट असते. उरलेल्या ठिकाणी थेंबभरही नको असते आणि तिथे ते हटकून शिरते.

हवे असते ते रेडिएटरमध्ये. त्याची गोष्ट सोपी आहे. शिळफाट्याला किंवा कशेळीच्या पुलापाशी गाडी तासभर रांगेत अडकते, वारा लागत नाही, आणि काटा वर चढू लागतो. मग ड्रायव्हर जवळच्या टपरीवरून बाटलीभर पाणी आणून ओततो. ते पाणी बहुधा बोअरिंगचे असते. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या वाटांत, चहाच्या भांड्याला बसावेत तसे, बसत जातात. चार-पाच वर्षांत निम्म्या नळ्या बंद. तेव्हा कुलंट भरा, आणि ते पातळ करायला बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी वापरा. अडचणीत साधे पाणी घातलेच तर ते आठवड्याच्या आत काढून टाका. गरम इंजिनाचे झाकण उघडू नका, हे मी सांगायला नकोच, पण ज्यांचे हात भाजले त्या सगळ्यांना ते आधी ठाऊक होते! पाणी रोज कमी होते, गळती कुठेच दिसत नाही, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, असे झाले तर मात्र पाणी ओतत बसण्यात अर्थ नाही. हेड गॅसकेट गेलेले असण्याचा संभव मोठा.

आता डिझेलकडे वळू. इथे थोडा वेळ थांबायला हवे, कारण जुन्या गाडीचा सगळ्यांत महागडा जिन्नस इथेच आहे.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो, हे तुम्ही जाणताच. सिलिंडरमधली हवा दट्ट्या इतकी दाबतो की ती आपोआप तापून लाल निखाऱ्याइतकी गरम होते, आणि तीत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो पेटतो. रुडॉल्फ डीझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत नीट चालले, पण तो फवारा सोडणारा आटोपशीर पंप बॉशच्या कारखान्यातून १९२७ साली बाहेर पडला, तेव्हा कुठे हे इंजिन गाडीत बसवणे सोयीचे झाले. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला ‘मायको’ कंपनी निघाली. तिचा नाशिकचा कारखाना १९६९ पासूनचा, नोझल बनवणारा. कंपनीचे नाव २००८ साली बदलून बॉश झाले, पण जुने मिस्त्री अजून ‘मायकोचा पंप’ असेच म्हणतात.

या पंपात एक बारीक दांडा एका नळीत वरखाली होतो. दोहोंमधली फट एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची, दोन-चार भाग एवढीच. माणसाच्या केसाचे वीस उभे चिरे करावेत, त्यांतल्या एकाएवढी म्हणा. या फटीला वंगण कोण देते? दुसरे कोणी नाही, डिझेलच. डिझेलबरोबर पाणी आले की वंगण गेले. दांडा घासतो, रात्रभर गाडी उभी राहिली की त्यावर गंजाचा ठिपका पडतो, नोझलची भोके झिजतात, फवाऱ्याऐवजी धार पडू लागते. मग काळा धूर, ओढ कमी, डिझेलचा खप जास्त. पंप उघडून नोझल बदलायचे म्हणजे भाजीवाल्याच्या महिनाभराच्या कमाईला हात घालणे.

हे पाणी येते कुठून? पंपवाल्याला नावे ठेवण्याआधी आपल्या टाकीचे झाकण पाहा. त्याच्या आतला रबरी वायसर जुन्या गाडीत बहुधा कडक झालेला किंवा साफ नाहीसा झालेला असतो, आणि चाकांनी उडवलेले पाणी नेमके त्याच बाजूला येते. काही जण झाकण हरवल्यावर फडके कोंबतात. फडके म्हणजे पाण्याला वात लावून दिल्यासारखे आहे! दुसरी वाट दमट हवेची. रात्री रिकामी टाकी गार पडली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर थेंबांनी जमते. म्हणून पावसाळ्यात टाकी सकाळी नव्हे, संध्याकाळी भरावी. पैसे तेवढेच जातात.

पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते. फिल्टरच्या खाली एक छोटा स्क्रू असतो, तो याच कामासाठी दिलेला आहे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी सुरू करण्याआधी, खाली काचेची बाटली धरून तो सैल करा. आधी पाणी येईल, मग स्वच्छ डिझेल. डिझेल आले की घट्ट करा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि गॅरेजात जावे लागत नाही.

फिल्टर बदलला, किंवा रस्त्यात डिझेल संपले, की लाइनीत हवा धरते. अशा वेळी सेल्फ मारमारून बॅटरी उतरवण्यात काय हशील? फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करा, हातपंप दाबत राहा, बुडबुडे यायचे थांबून सलग डिझेल आले की तो आवळा. तरी गाडी धरली नाही तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट थोडे ढिले करून, सेल्फ थोडा थोडा मारून, तिथलीही हवा काढावी. जुन्या, साध्या पंपाच्या गाडीपुरतेच हे बरे. कॉमन रेलच्या गाडीत त्या नळ्यांना चालू इंजिनावर हात लावू नये. तिथला दाब कातडी फोडून आत जाण्याइतका असतो.

पाण्याची तिसरी जागा म्हणजे हवेचा फिल्टर, आणि इथे मात्र क्षणात सगळे संपते. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी कल्याण, बदलापूरकडच्या वस्त्यांत शिरले. २०१९ च्या जुलैअखेर ते पुन्हा आले. त्या त्या वेळी कित्येक गाड्या पाण्याने मेल्या नाहीत, पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवल्याने मेल्या. दट्ट्या हवेला दाबून वीसाव्या हिश्शाइतकी करू शकतो, पण पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी असले आणि सेल्फ मारला की दट्ट्या भिंतीवर आपटावा तसा आपटतो आणि रॉड वाकतो. चालत्या गाडीत तर तो ब्लॉक फोडून बाहेर येतो.

तेव्हा पाणी चाकाच्या मधोमध असलेल्या माथ्यापर्यंत आले की पुढे जाऊ नये. भाडे बुडाले तरी चालेल. गाडी पाण्यात बंद पडलीच, तर पुन्हा किल्ली लावू नका, धक्का मारून तर मुळीच चालू करू नका. न्यूट्रलमध्ये ढकलत उंचावर आणा, बॅटरीची तार काढा, हवेच्या फिल्टरचा डबा उघडा. आतला कागद कोरडा असेल तर देवाचे आभार माना. ओला असेल तर मिस्त्रीला बोलवा; तो नोझल काढून इंजिन हाताने फिरवील आणि पाणी भोकांतून पिचकारीसारखे बाहेर पडेल. इंजिनाची, गिअरबॉक्सची आणि मागच्या हाउसिंगची ऑइले पाहून घ्या. पट्टीवर ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले की ते बदललेच पाहिजे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: पाण्यात बुडाल्यावर सेल्फ मारून इंजिन मोडले, तर विमा कंपन्या ते नुकसान बहुधा मान्य करत नाहीत.

आता ब्रेक. बाकीच्या ठिकाणी पाणी शिरले तर पैसे जातात, इथे माणूस जातो.

ब्रेक ऑइल हे नावाचे ऑइल. ते खऱ्या तेलासारखे पाण्याला दूर ठेवत नाही, उलट हवेतला ओलावा स्वतःत ओढून घेते. नवे ‘डॉट ३’ जातीचे ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. त्यात शेकडा साडेतीन-चार भाग पाणी मुरले की तोच आकडा १४० वर येतो. मालाने भरलेली गाडी घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा उतार उतरते किंवा मुंब्रा बायपासवरून खाली येते, तेव्हा सतत दाबलेल्या ब्रेकचे ड्रम सहज इतके तापतात की आतल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि पायाखालचा पॅडल सरळ फळीला टेकतो. वर गॅरेजात तपासले तर सगळे ठीक निघते, कारण तोवर ते गार झालेले असते! म्हणून ऑइल काळे पडण्याची वाट पाहू नका. जुन्या गाडीत दर वर्षी, पावसाळा संपल्यावर, ते पूर्ण काढून सीलबंद डब्यातले नवे भरा. गेल्या वर्षीचा अर्धा डबा माळ्यावरून काढून वापरू नये. त्याने वर्षभर हवा खाल्लेली असते.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करण्याची, काहींना तर इंजिनच बंद करण्याची सवय असते. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिन बंद झाले की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूमही संपतो. बऱ्याच गाड्यांत हा व्हॅक्यूमचा पंप आल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो आणि तिथून ऑइल गळू लागले तरी आपण ‘चालतंय की’ म्हणून सोडून देतो. पॅडल कडक लागू लागला तर आधी तिथे पाहा. आणि साचलेल्या पाण्यातून बाहेर आलात की थोडे अंतर हळू चालवत पॅडल हलका दाबून धरा, म्हणजे लायनर सुकतील.

राहता राहिला गंज. मासळी वाहणाऱ्या गाड्यांचे हाल मी पाहतो, ते सर्वांत वाईट. बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या फळ्यांतून चासीवर ठिबकत राहते. धुताना आपण केबिन चकचकीत करतो आणि खालून पाण्याचा फवारा मारायचा विसरतो. खरे तर उलटे करावे. चासीला जळके ऑइल फासण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तिचा उपयोग होतो, हे नाकारत नाही. पण ते रबरी बुशांवर आणि ब्रेकच्या पाइपांवर जाऊ देऊ नये, आणि उरलेले गटारात तर ओतूच नये. आपली गटारे पुढे वालधुनीला आणि उल्हास नदीला मिळतात, आणि ज्या पाण्याविषयी आपण मघापासून बोलतो आहोत तेच ते पाणी. सुटे डबे भंगारवाल्याला द्या, किंवा गंजरोधक रंग लावून घ्या.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला, २०१८ साली बदललेल्या नियमाप्रमाणे, दर वर्षी पासिंगला न्यावे लागते, मग ती ठाण्याच्या एमएच ०४ ची असो की कल्याणच्या एमएच ०५ ची. पासिंगच्या आदल्या दिवशी रंग मारून गंज झाकणारे पुष्कळ भेटतात. माझे म्हणणे, मे महिन्यात गाडी रिकामी असताना एक छोटी हातोडी घेऊन स्वतः खाली शिरा. मागचे पाटे चासीला जिथे टांगलेले असतात तिथे, आणि हौद्याचे बोल्ट जिथे येतात तिथे, ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर खरवडा आणि रंगवा. आवाज दबका आला, पोपडे निघाले आणि खाली बोट जाईल असे भोक दिसले, तर वरून पट्टी मारून वेल्डिंग करून देणारा कोणीतरी भेटेल, आणि तो स्वस्तातही करून देईल. त्या वेल्डिंगवर दीड टन कांदा लादू नका. इंजिन पुन्हा बांधता येते, पंप नवा मिळतो, पण पाट्यांपाशी खाल्लेली चासी घेऊन गायमुख उतरता येत नाही. अशी गाडी त्याच महिन्यात, पावसाच्या आत, भंगारात काढावी.