लखनौचा भाडेकरारनामा



पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौत जे संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्याच्यामुळे ते शहर मराठी मनाला कधी सर्वस्वी परके वाटले नाही;
आणि नोकरीनिमित्त तेथेच स्थायिक होऊन, घराचा वरचा मजला प्रथमच भाड्याने देऊ पाहणाऱ्या मराठी गृहस्थाचा पहिला सवाल असतो :
करारनामा स्वस्तात कसा होईल?

उत्तर प्रदेशात २०२१ पासून शहरी भाडेदारीचा नवा कायदा अमलात आहे.
त्यानुसार करार लेखी हवा.
पुन्हा सांगतो, लेखीच हवा.
राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही.

आता खर्चाचे.
मुद्रांकशुल्क भाड्यावर आणि मुदतीवर ठरते;
आणि वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीचे असल्यामुळेच, अकरा महिन्यांच्या कराराचा रिवाज पडला आहे.
नोटरीचा शिक्का म्हणजे मात्र नोंदणी नव्हे.

पुण्याच्या आप्तांकडून आलेला मसुदा तसाच उतरवू नका.
फुकटचा असला, तरी तो महागात पडेल!
महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. त्यातली कलमे तिथल्या कायद्याची.

त्यापेक्षा स्थानिक नमुना घ्या, आणि तेवढ्या तपासणीपुरती वकिलाची फी द्या.
वीजबिल कोणाचे, दुरुस्ती कोणाची, घर सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची,
हे भाडेकरूला समजेल अशा सरळ हिंदीत लिहवून, लेखी कराराची एक प्रत त्याच्या हाती द्या.