क्रोशाच्या चौकोनातील धम्मचक्र
(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात संस्थेच्या महिला विभागातर्फे केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस अभिवादन करून आम्ही आमचे मनोगत मांडत आहोत. वंदनेच्या टेबलावरील आवरण आपण सर्वांनी पाहिले असेल. निळ्या जमिनीवर पांढरी धम्मचक्रे असलेले ते आवरण महिला विभागाच्या भगिनींनी क्रोशाने विणले आहे. ते कसे विणले आणि विणताना आम्ही काय शिकलो, एवढाच आजचा विषय आहे.

या विणकामाला 'ग्रॅनी स्क्वेअर' म्हणजे आजीचा चौकोन म्हणतात. मधोमध सुरुवात करून फेरीमागून फेरी बाहेर वाढवायची आणि उरलेल्या लोकरीच्या तुकड्यांतून लहान लहान चौकोन करून ते जोडायचे, अशी ही काटकसरीची कला आहे. अशा चौकोनाचा नमुना १८८५ साली अमेरिकेतील 'प्रेअरी फार्मर' या शेतकी पत्रात छापून आला होता. योगायोग असा की, त्याच १८८५ साली वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेत पंचरंगी बौद्ध ध्वज प्रथम फडकविण्यात आला.

चक्राचा चौकोन करताना आम्ही बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे ठेवले. आधी तुंबा, मग आरे, मग धाव. पांढऱ्या लोकरीच्या ६ साखळ्या घालून त्यांचे कडे जोडावे. त्या कड्यात १६ मुके खांब, म्हणजे सुईवर वेढा न घेता घातलेले आखूड टाके, भरावेत. हा झाला तुंबा. दुसऱ्या फेरीत आरे येतात. आरंभी ७ साखळ्या घ्याव्यात. त्यांतल्या पहिल्या ४ म्हणजे पहिला आरा आणि ३ म्हणजे मधली जागा. पुढे एक टाका सोडून सुईवर दोन वेढे घेऊन एक लांब खांब घालावा, मग ३ साखळ्या, असे करीत आठ आरे पूर्ण करून फेरी चौथ्या साखळीत जोडावी. तिसऱ्या फेरीत प्रत्येक जागेत ४ मुके खांब घातले की ३२ टाक्यांची धाव तयार होते.

आता या गोलाचा चौकोन करायचा. निळी लोकर जोडून एका टाक्यात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब घालावेत. हा कोपरा. पुढचे ३ टाके सोडून चौथ्यात ३ खांबांचा एक गट घालावा, पुन्हा ३ टाके सोडून पुढचा कोपरा. अशा रीतीने एक आरा कोपऱ्याकडे आणि पुढचा बाजूच्या मध्याकडे रोखलेला राहतो. चौथ्या फेरीत १२ गट होतात. पुढे कोपऱ्यावर कोपरा आणि दोन गटांच्या फटीत एक गट असे विणत गेले की दर फेरीला ४ गट वाढतात. सातवी फेरी संपताना २४ गट होतात आणि चौकोन पुरा होतो.

एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, "ताई, अशोकचक्राला चोवीस आरे आहेत, मग इथे आठच का?" प्रश्न रास्त होता. सारनाथच्या सिंहस्तंभशीर्षावरील चक्रांना २४ आरे आहेत आणि २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या राष्ट्रध्वजावरही तेच चक्र आहे. एवढ्याशा कड्यात २४ खांब दाटले तर चक्र फुगते, हे एक कारण. दुसरे कारण असे की, आठ आरे म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग : सम्यक दृष्टी, संकल्प, वाचा, कर्मान्त, आजीविका, व्यायाम, स्मृती आणि समाधी.

शिकताना अनेकींकडून एक आरा सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तो कळत नाही, चक्र गोलच दिसते. चौथ्या फेरीत मात्र चौथी बाजू अर्धी राहते, कारण ३२ ऐवजी २८ टाकेच असतात. मग उसवण्यावाचून गत्यंतर नसते. आमच्या मंडळाच्या कारभारातही एक आरा असाच सुटला होता. तो होता सम्यक आजीविकेचा.

झाले असे की, आमची आवरणे पाहून एका व्यापाऱ्याने सहा नगांची मागणी केली. प्रत्येकी ५०० रुपये देतो म्हणाला. भगिनी आनंदल्या. तेव्हा आम्ही वहीत हिशेब मांडला. एका आवरणाला २४ चौकोन लागतात. सरावलेल्या हातालाही एका चौकोनाला पाऊण तास लागतो, म्हणजे १८ तास. जोडणी आणि काठ यांना ४ तास. एकूण २२ तास. लोकरीला २८० रुपये. उरले २२० रुपये, म्हणजे तासाला १० रुपये! आठ आऱ्यांचे चक्र विणणारीच्या हाती तासाला दहा रुपये पडत असतील, तर त्या चक्रातला आजीविकेचा आरा कोठे गेला?

ही गोष्ट केवळ आमचीच नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठच्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस रुजविली. मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेने तेथील लेस विणणाऱ्या स्त्रियांवर १९८२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. या स्त्रिया रोज कित्येक तास विणत, त्यांची लेस परदेशी जाई, पण त्यांना कामगार न म्हणता फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी म्हटले जाई, म्हणून मजुरीही तुटपुंजीच, हे त्यांनी दाखवून दिले. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मालाला नाव मिळाले ही आनंदाची गोष्ट, पण विणणाऱ्या हातांची मोजदाद त्याने आपोआप होत नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून कामगारांच्या हक्कांचे कायदे पुढे नेले. त्यांच्या लेकींनी स्वतःच्या श्रमाला 'विरंगुळा' म्हणावे काय?

आम्ही व्यापाऱ्याला नकार दिला. तासाला ५० रुपये धरून १३८० रुपये किंमत ठरविली. येथे सत्य सांगितले पाहिजे. त्या वर्षी तीनच आवरणे विकली गेली. एक भगिनी आम्हाला म्हणाली, "ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण मला ते दोनशेवीस रुपये तरी मिळत होते. आता तेही गेले." तिच्या घरी दोन मुले शिकतात. तिला देण्याजोगे उत्तर आमच्याजवळ नव्हते, आजही पुरते नाही. तत्त्व आम्ही सर्वांनी मिळून ठरविले, पण त्याची झळ तिला एकटीला बसली.

म्हणून आज या व्यासपीठावरून संस्थेला आमची नम्र विनंती आहे. वर्षभरात आपण अनेकांचे सत्कार शाल-श्रीफळ देऊन करतो. त्यांतले काही सत्कार आमच्या भगिनींनी विणलेल्या वस्त्राने व्हावेत आणि त्याची पुरी किंमत संस्थेने द्यावी. तसे झाले तर त्या भगिनीला उत्तर मिळेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. हा चौकोन पूजेची वस्तू नाही, त्याला हळदकुंकू लावू नका, आणि तो पायपुसण्यातही जोडू नका. घरात आई किंवा आजी विणत असेल तर तिच्याजवळ बसा, तिचे तास वहीत लिहा. मुलांनीही सुई हातात घ्यावी, त्यात कमीपणा नाही. आणि विणताना प्रत्येक फेरीला आरे मोजा. चुकलेला आरा लवकर सापडला तर थोडेच उसवावे लागते.



नमो बुद्धाय! जयभीम!