युरोपातील क्षेपणास्त्रे आणि समाजवाद्यांची कसोटी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



संरक्षणाचा विषय निघाला की आपल्यातील पुष्कळ कार्यकर्ते गप्प बसतात. रेशन, रोजगार हमी, धरणग्रस्तांचे पुनर्वसन यांवर तासन्‌तास बोलणारा माणूस क्षेपणास्त्रांचे नाव काढताच 'ते तज्ज्ञांचे काम' असे म्हणून मोकळा होतो. या संकोचाचे कारण उघड आहे. शस्त्रखर्चाला विरोध करावा तर देशद्रोहाचा शिक्का बसतो, आणि पाठिंबा द्यावा तर आपलीच तत्त्वे आड येतात. म्हणून मौन सोयीचे वाटते. परंतु मौन हेही एक धोरणच असते, आणि ते नेहमी सत्ताधाऱ्यांच्या धोरणाला संमती म्हणून जमेस धरले जाते.

हा पेच आपल्याच वाट्याला आला आहे असे नाही. १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत पश्चिम युरोपातील समाजवादी पक्ष या पेचातून गेले. त्या दशकाची हकीकत आज आपल्यासमोर मांडावयाची आहे. त्या लढ्यातून जो करार निष्पन्न झाला तो २०१९ साली मोडला, आणि ज्या प्रश्नाचा निकाल लागला असे वाटत होते तो पुन्हा दाराशी उभा आहे. एवढ्याचसाठी ती आठवावयाची.

हकीकतीची सुरुवात एका समाजवादी नेत्यापासूनच होते. पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर आणि सोशल डेमॉक्रॅटिक पक्षाचे नेते हेल्मुट श्मिट यांनी ऑक्टोबर १९७७ मध्ये लंडनला एक व्याख्यान दिले. अमेरिका आणि रशिया यांनी आपापल्या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांत बरोबरी मान्य केली, तर मधल्या युरोपातील असमतोल अधिकच उघडा पडेल, असा त्यांचा मुद्दा होता. त्या सुमारास सोव्हिएत युनियनने एसएस-२० ही नवी क्षेपणास्त्रे बसविण्यास सुरुवात केली होती. प्रत्येकावर तीन अण्वग्रे, पल्ला सुमारे पाच हजार किलोमीटर, आणि वाहनावरून हलविता येणारी. मॉस्कोने ही शस्त्रे कोणाला विचारून बसविली नव्हती. श्मिट यांची चिंता खोटी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. खोटे ठरले ते त्या चिंतेवर शोधलेले औषध.

हे औषध नाटोने १२ डिसेंबर १९७९ रोजी ब्रुसेल्सला ठरविले. एका हाताने वाटाघाटी करावयाच्या आणि त्या फसल्या तर दुसऱ्या हाताने ५७२ अमेरिकी क्षेपणास्त्रे युरोपात बसवावयाची. यांपैकी १०८ पर्शिंग-२ जातीची, सर्व पश्चिम जर्मनीत. उरलेली ४६४ क्रूझ जातीची, पाच देशांत वाटलेली.

यामागचा धाकाचा सिद्धान्त थोडक्यात असा. शत्रूने हल्ला केला तर त्याचाही सर्वनाश होईल अशी खात्री त्याला पटवावयाची, म्हणजे तो हल्ला करणारच नाही. हा सिद्धान्त वरकरणी तर्कशुद्ध दिसतो. पण तो दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, निर्णय घेणाऱ्याला विचार करण्यास वेळ मिळेल. दुसरी, यंत्रे चूक करणार नाहीत. पर्शिंग-२ ने पहिले गृहीत मोडीत काढले, कारण ते दहा-बारा मिनिटांत सोव्हिएत भूमीवर पोहोचू शकत होते. दहा मिनिटांत राष्ट्रप्रमुखाला झोपेतून उठवून खरे-खोटे ठरवावयाचे, ही अपेक्षा माणसाकडून नव्हे, यंत्राकडून करावयाची अपेक्षा आहे.

दुसरे गृहीत १९८३ साली मोडले. २६ सप्टेंबरच्या रात्री मॉस्कोजवळील एका केंद्रात सोव्हिएत उपग्रहयंत्रणेने अमेरिकेहून पाच क्षेपणास्त्रे सुटल्याची सूचना दिली. पहाऱ्यावरील लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी ती खोटी मानली आणि वर तसे कळविले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्रणा फसली होती. तेव्हा त्या महिन्यातले वातावरण कसे होते हेही ध्यानात घ्या. १ सप्टेंबरलाच सोव्हिएत विमानाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि २६९ माणसे मेली होती. धाकाने शांतता राखली असे जे म्हणतात, त्यांनी या रात्रीचा हिशेब कोणत्या खात्यावर टाकावयाचा ते सांगितले पाहिजे.

मुत्सद्देगिरीला संधीच नव्हती काय? होती. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेचे वाटाघाटीप्रमुख पॉल नित्झे आणि सोव्हिएत प्रतिनिधी युली क्वित्सिन्स्की हे जिनीव्हाजवळच्या जुरा पर्वतातील रानात फिरावयास गेले आणि ओंडक्यावर बसून त्यांनी एक तडजोड जुळविली. दोन्ही बाजूंनी युरोपात ७५-७५ प्रक्षेपक ठेवावयाचे आणि पर्शिंग-२ बसवावयाचेच नाही. वॉशिंग्टनने ती नाकारली, मॉस्कोनेही नाकारली. दोन अनुभवी अधिकाऱ्यांना जे शक्य वाटले ते दोन राजधान्यांना नको होते. २२ नोव्हेंबर १९८३ रोजी जर्मन संसदेने क्षेपणास्त्रांना मान्यता दिली आणि दुसऱ्याच दिवशी सोव्हिएत प्रतिनिधी जिनीव्हाच्या बैठकीतून उठून गेले.

राजधान्या जेथे अडल्या तेथे माणसे रस्त्यावर आली होती. ऑक्टोबर १९८१ मध्ये बॉनला सुमारे तीन लाख लोक जमले. त्याच वर्षी वेल्समधील कार्डिफहून काही स्त्रिया चालत निघाल्या आणि इंग्लंडमधील ग्रीनहॅम कॉमन या विमानतळाच्या कुंपणापाशी त्यांनी मुक्काम ठोकला. १२ डिसेंबर १९८२ रोजी तीस हजार स्त्रियांनी हातात हात घालून तो नऊ मैलांचा तळ वेढला. ऑक्टोबर १९८३ मध्ये हेगला साडेपाच लाखांचा मोर्चा निघाला. हॉलंडमध्ये तर ठरलेली क्षेपणास्त्रे शेवटपर्यंत बसू शकली नाहीत.

या चळवळीवर ती मॉस्कोची हस्तक असल्याचा आरोप झाला. सोव्हिएत सरकारने तिचा लाभ उठविण्याचा यत्न केला हे खरे. म्हणूनच एप्रिल १९८० मध्ये इतिहासकार ई. पी. टॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या आवाहनाचे महत्त्व मोठे आहे. पोलंडपासून पोर्तुगालपर्यंत सारा युरोप अण्वस्त्रमुक्त व्हावा, पर्शिंगही नको आणि एसएस-२० ही नको, अशी त्यांची मागणी होती. पूर्व जर्मनीत तलवारीचा नांगर करणाऱ्या माणसाचे चिन्ह बाहीवर लावणाऱ्या तरुणांना पोलीस छळत होते, तेव्हा या मंडळींनी त्यांचीही बाजू घेतली. दोन्ही गोटांपासून समान अंतर राखणे म्हणजे दोघांविषयी मुके राहणे नव्हे. दोघांनाही तोच प्रश्न विचारणे होय. सप्तक्रांतीत शस्त्रविरोधाला स्थान देणाऱ्या डॉ. लोहियांच्या अनुयायांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता समाजवादी पक्षांकडे वळू. नोव्हेंबर १९८३ मध्ये कोलोन येथील अधिवेशनात जर्मन सोशल डेमॉक्रॅटिक पक्षाने मूठभर प्रतिनिधी वगळता एकमुखाने क्षेपणास्त्रांना नकार दिला. त्या मूठभरांत स्वतः श्मिट होते. ब्रिटनचा मजूर पक्ष मायकेल फूट यांच्या नेतृत्वाखाली अण्वस्त्रविरोधाची भूमिका घेऊन जून १९८३ ची निवडणूक लढला आणि दारुण हरला. जर्मनीतही मार्चच्या निवडणुकीत हेल्मुट कोल जिंकले होते. हा पराभव झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नुसता नकार मतदाराला पुरेसा वाटला नाही. 'मग आमचे रक्षण कसे करणार?' या त्याच्या प्रश्नाला उत्तर हवे होते.

ते उत्तर स्वीडनचे समाजवादी नेते ओलोफ पाल्मे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८२ साली दिले होते. त्या आयोगावर जर्मनीचे एगॉन बार, अमेरिकेचे सायरस व्हान्स, सोव्हिएत युनियनचे गिओर्गी अर्बातोव्ह आणि आपल्या सी. बी. मुथम्मा होत्या. आयोगाचा सिद्धान्त असा की, अण्वस्त्रांच्या युगात शत्रूच्या विरुद्ध सुरक्षितता मिळविता येत नाही, ती शत्रूसह मिळवावी लागते. प्रतिपक्ष जितका भयभीत, तितके आपणही असुरक्षित. या कल्पनेला सामायिक सुरक्षितता असे नाव मिळाले. पुढे गोर्बाचेव्ह यांच्या नव्या विचारात ती शिरली, त्यात अर्बातोव्ह यांच्यासारख्यांचा वाटा होता. निवडणुकीत हरलेला विचार अशा रीतीने समोरच्या राजधानीत जिंकला.

८ डिसेंबर १९८७ रोजी रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी वॉशिंग्टनला सही केली. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून सुटणारी सर्व क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचे ठरले. १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रे मोडली गेली. सोव्हिएत १,८४६, अमेरिकेची ८४६. दोन्ही देशांचे निरीक्षक परस्परांच्या तळांवर आणि कारखान्यांच्या फाटकांशी जाऊन बसले. एकूण साठ्याचा हा लहानसाच हिस्सा होता. पण अण्वस्त्रांचा एक संपूर्ण वर्ग प्रथमच नाहीसा झाला.

उजवीकडचे म्हणतात, नाटोने खंबीरपणे क्षेपणास्त्रे बसविली म्हणूनच मॉस्को नमले. या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे; ते नाकारू नये. परंतु नुसत्या खंबीरपणाने १९८३ साली संवाद तुटला होता, हे तो युक्तिवाद विसरतो. शिवाय रेगन यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये 'दोन्हीकडे शून्य' असा प्रस्ताव मांडला तो, आपल्या मित्रदेशांतले रस्ते माणसांनी भरलेले पाहून. मॉस्को तो मानणार नाही, असा त्यांच्या काही सल्लागारांचा अंदाज होता. गोर्बाचेव्ह यांनी तो मानला. लोकांनी जी मागणी जिवंत ठेवली, तिच्यावर शेवटी सत्ताधीशांना सही करावी लागली.

आणि मग लोक घरी गेले. २ ऑगस्ट २०१९ रोजी अमेरिका करारातून बाहेर पडली. रशियाने करारभंग केल्याचा तिचा आरोप होता, रशियाने तो नाकारला. त्या दिवशी बॉनला किंवा हेगला लाखांचे मोर्चे निघाले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि काही दिवसांतच जर्मनीच्या समाजवादी चॅन्सलरने, ओलाफ शोल्त्स यांनी, सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा खास निधी जाहीर केला. जुलै २०२४ मध्ये जर्मनीत पुन्हा लांब पल्ल्याची अमेरिकी क्षेपणास्त्रे आणण्याची घोषणा झाली. नोव्हेंबरमध्ये रशियाने ओरेश्निक हे मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र युक्रेनच्या निप्रो शहरावर डागले. जून २०२५ मध्ये हेगलाच नाटोने राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम २०३५ पर्यंत संरक्षणाकडे वळविण्याचे ठरविले. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर झाला. आक्रमण झालेल्या देशाला स्वसंरक्षणाचा हक्क आहेच. पण या खर्चाला वरची मर्यादा कोणती, आणि वाटाघाटीचा दुसरा हात कोठे आहे, हे विचारणारा आवाज क्षीण झाला आहे.

आपल्या देशाचा या हकीकतीशी संबंध नुसता प्रेक्षकाचा नाही. २८ जानेवारी १९८५ रोजी भारत, स्वीडन, ग्रीस, टांझानिया, मेक्सिको आणि अर्जेंटिना या सहा राष्ट्रांनी दिल्लीत जाहीरनामा काढून अण्वस्त्रचाचण्या थांबविण्याची मागणी केली. तेराच वर्षांनी, मे १९९८ मध्ये, प्रथम आपण आणि मागोमाग पाकिस्तानने चाचण्या केल्या. युरोपात जी दहा मिनिटे होती, ती आपल्या उपखंडात त्याहून कमी आहेत. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारान्वये दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या परस्परांना देतात. १९९२ मध्ये सुरू झालेली ही प्रथा कारगिलच्या युद्धानेही खंडित झाली नाही. सामायिक सुरक्षितता हे युरोपीय दिवाणखान्यातले स्वप्न नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

मग कार्यकर्त्याने काय करावयाचे? पहिले, अभ्यास. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाला सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते आणि केंद्राच्या आरोग्यखात्याला सुमारे एक लाख कोटी. हे दोन आकडे सभेत फेकून टाळ्या मिळतात. पण संरक्षणाच्या रकमेपैकी सुमारे १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत, आणि ते ज्यांच्या घरी जातात त्यांत सातारा-कोल्हापूरकडचे शेतकऱ्यांचे मुलगे आहेत, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे भाषण पहिल्याच प्रश्नाला कोसळेल. दुसरे, जवानाचा सन्मान आणि शस्त्रस्पर्धेचा विरोध या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हे गावोगाव सांगणे. तिसरे, प्रत्येक नव्या शस्त्राबाबत सरकारला एकच प्रश्न विचारणे: याने दोन्ही बाजूंना विचार करण्यास मिळणारा वेळ वाढतो की घटतो? वेळ घटविणारे शस्त्र आपलेच असले तरी ते आपल्याला असुरक्षित करते.

जर्मन समाजवाद्यांना हा प्रश्न विचारण्यास सहा वर्षे लागली आणि तोवर सत्ता हातची गेली होती. आपल्या हाती आज सत्ता नाही. म्हणून हरवण्याची भीतीही नाही. हा प्रश्न आपण आजपासूनच विचारू शकतो.