श्रवणयंत्र घेण्यापूर्वी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



अकोल्यास एका सोयरिकीच्या बैठकीत मुलाकडील मंडळी ‘साठ पाने’ म्हणाली. आमच्या तीर्थरूपांनी ‘आठ’ ऐकले व तसे आचाऱ्यास सांगूनही टाकले. बैठकीत हशा पिकला. त्या दिवसापासून त्यांनी चारचौघांत येणेच सोडले. आम्ही ‘म्हातारपण, दुसरे काय!’ म्हणून स्वस्थ राहिलो. पुढे जाहिरात पाहून एक यंत्र मागविले. त्यातून भांड्यांचा खणखणाट व पंख्याची घरघर तेवढी वाढली. बोलणे काही उमगेना. यंत्र कपाटात गेले. दोष सर्वस्वी आमचा. कान न तपासता आम्ही ते घेतले होते.

वार्धक्यात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी प्रथम हरपतात. स्वर कानी पडतात. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. ‘साठ’चे ‘आठ’ होते ते असे. अशा कानास सरसकट मोठा आवाज नको, जेथे उणीव तेथेच भर हवी. आणि ती किती, हे तपासणीच्या आलेखावरून ठरते. तेव्हा प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांस दाखवावे. (कधी नुसता मळ निघतो आणि सारा खर्च वाचतो!) मग नोंदणीकृत श्रवणतज्ज्ञाकडून आलेखाबरहुकूम यंत्र जुळवून घ्यावे. दोन्ही कान अधू असल्यास शक्यतो दोन्हींस घ्यावे.

दुकानाच्या शांत खोलीत सर्वच यंत्रे गोड वाटतात. म्हणून काही दिवस घरी, लग्नकार्यात, बाजारात वापरून पाहण्याची मुभा व न जुळल्यास रक्कम परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. पुढील जुळवणी व दुरुस्ती अमरावती-अकोल्यातच होईल की नागपूर-मुंबईस धावावे लागेल, हेही आधीच विचारावे. किमतीहून हा प्रश्न आम्हांस मोठा वाटतो. सेलवरील पट्टी काढताच तो झिजू लागतो, यंत्र चालू असो वा नसो. आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात घामाने यंत्र बिघडते. रात्री ते पुसून कोरड्या डबीत ठेवावे.

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी केंद्र सरकारची १९८१ पासूनची ‘एडिप’ योजना आहे. तिच्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागते. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

नव्या यंत्राची सवय होण्यास काही आठवडे लागतात. तीर्थरूपांनी प्रारंभी दिवसातून तासभरच लावले, तेही कुरकुरत. आज ते पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांचा सेल संपण्यापूर्वी आम्ही आटोपते घेतो.