दीड गिगाबिट म्हणजे किती?



जुन्या संगणकांतील दफ्तर नव्या चकत्यांवर उतरविणाऱ्या कंत्राटी कामगारांचे गाऱ्हाणे आमच्या युनियनकडे आले. ९० गिगाबाइटांची नक्कल ८ मिनिटांत व्हावयास हवी, उशीर म्हणजे कामचुकारपणा, असे ठरवून कंत्राटदाराने रोज कापला होता. तेव्हा हे गणित आम्हांला शिकणे भाग पडले.

साहेबांचा हिशेब असा : २००३ च्या सुमाराच्या साटा जोडणीचा दर सेकंदाला १.५ गिगाबिट, ८ बिटांचा १ बाइट, म्हणून १८७.५ मेगाबाइट. वरवर बिनचूक! पण या तारेवरून ८ बिटांचा माल १० बिटांत बांधून जातो. वरचे २ बिट बांधणीचे, संकेतांची लय राखण्यासाठी. तेव्हा भागायचे १० ने. आले १५०, आणि ८ मिनिटांची झाली १०. पगारपत्रकावरचा आकडा आणि हाती पडणारी रक्कम यांतला फरक दरमहा पाहणाऱ्या माणसाला हे लगेच उमगते.

त्याआधीची ८० तारांची चपटी पट्टी घ्या, अल्ट्रा एटीए १३३. इथले १३३ हे मेगाबाइटच, भागाकार नकोच. १५०० शेजारी १३३ मांडून अकरापट वेग सांगणारा विक्रेता आकडे खोटे सांगत नाही, मापे मिसळतो. खरा फरक अवघा १७ चा.

आणि हे सारे तारेचे माप. चकतीच सेकंदाला ५० मेगाबाइट देत असेल, तर ३० मिनिटे लागणारच. आम्ही साहेबांनाच एक जुनी चकती लावून घड्याळ पाहावयास सांगितले. कापलेला रोज परत मिळाला. नवे वेळापत्रक मात्र अजून ठरावयाचे आहे.