गुन्हे तपासाचे क्षेत्र आणि आपले विद्यार्थी

(वर्सोवा येथील विद्यार्थी मार्गदर्शन वर्गातील व्याख्यानाचा सारांश)



'पुढे कोण होणार?' असे आम्ही विचारतो तेव्हा एखादा तरी विद्यार्थी 'डिटेक्टिव्ह' असे उत्तर देतो. चित्रपट पाहून ही ओढ लागते. ओढ चांगली आहे. पण वाट नीट माहीत हवी.

पोलीस दलात डिटेक्टिव्ह म्हणून थेट भरती होत नाही. आधी वर्दी, मग तपास. बारावीनंतर शिपाई भरती, पदवीनंतर लोकसेवा आयोगाची उपनिरीक्षक परीक्षा किंवा राज्यसेवेतून उपअधीक्षक, असे मार्ग आहेत. उपनिरीक्षकांचे प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. पुढे पोलीस ठाण्याचे गुन्हे प्रकटीकरण पथक, मुंबईची गुन्हे शाखा किंवा पुण्यात मुख्यालय असलेला राज्य गुन्हे अन्वेषण विभाग येथे नेमणूक होऊ शकते.

मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी 1971 साली चार्ल्स शोभराजला मुंबईत पकडले. तो 1986 साली तिहार तुरुंगातून पळाला, तेव्हा झेंडे यांनीच 6 एप्रिल रोजी गोव्यात पर्वरीच्या उपाहारगृहात त्याला पुन्हा जेरबंद केले. पंधरा वर्षांपूर्वीचा चेहरा त्यांच्या स्मरणात पक्का होता. निरीक्षण आणि चिकाटी हेच या कामाचे भांडवल.

मित्रहो, पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. म्हणून दंडुक्याने गुन्हा सिद्ध होत नाही. पंचनामा, साक्षी-जबाब आणि सीलबंद मुद्देमाल यांनी होतो. आपल्या जवळच कालिना येथे न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. पण तिथे पाठवलेला नमुनाच सदोष असेल तर तज्ज्ञ तरी काय करणार? आरोपी कोठडीत असताना गुन्ह्याच्या स्वरूपानुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र गेले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरणही आवश्यक केले आहे.

आपल्या वेसाव्याच्या कोळी बांधवांना विचारा, जाळ्याची एक गाठ सुटली तर काय होते! इथे मात्र नुसता मासा निसटत नाही. कच्च्या तपासामुळे गुन्हेगार सुटतो, किंवा वकील लावण्याची ऐपत नसलेला निरपराध माणूस तुरुंगात खितपत पडतो.

तेव्हा आजपासून तीन सवयी लावा. रोज धावा. रोज वर्तमानपत्र व कायदा वाचा. आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच, तारीख-वेळेसह, स्वच्छ मराठीत लिहायला शिका. तुमच्या त्या एका कागदावर उद्या कुणाचे तरी आयुष्य अवलंबून असेल.