नेमबाजीची पहिली पावले
(सीमावर्ती भागातील मराठी भाषिक युवकांसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बंदूक हा शब्द उच्चारताच आपल्याकडे दोन चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. एक रानातील शिकारीचे आणि दुसरे जत्रेतील फुग्यांच्या फळीचे. हवाई बंदुकीने एखादा पारवा टिपणे अथवा चार फुगे फोडून शाबासकी मिळविणे म्हणजेच नेमबाजी, अशी समजूत खेडोपाडी अद्यापही आढळते. ही समजूत बाजूस सारून नेमबाजीकडे एक खेळ म्हणून कसे वळावे, हा या भाषणाचा विषय आहे.

तलमडुगु हे आदिलाबाद जिल्ह्यातील मंडलाचे गाव. १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात, त्यानंतर आंध्र प्रदेशात आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात समाविष्ट असलेल्या या मुलखात तेलुगू, गोंडी आणि मराठी या भाषा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. कापूस पिकविणाऱ्या अशा गावातील नववी-दहावीच्या एखाद्या विद्यार्थ्याने नेमबाज व्हावयाचे मनात आणले, तर त्याने प्रारंभ कोठून करावा? महागडी रायफल नाही, जवळपास नेमबाजीचे केंद्र नाही, मग हा विचार मनातून काढूनच टाकावा काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याकडे पाहावे. तेथील कांबळवाडी या लहानशा गावातील स्वप्नील कुसाळे हा एका शिक्षकाचा मुलगा. २००९ मध्ये वडिलांनी त्याला महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तेथे पहिले वर्ष केवळ शारीरिक तयारीत गेले आणि त्यानंतर खेळ निवडण्याची वेळ आली, तेव्हा त्याने नेमबाजी निवडली. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. या यशाच्या मुळाशी बंदूक नव्हे, तर बंदूक हाती येण्यापूर्वीचे एक वर्ष आहे, ही गोष्ट नवशिक्याने ध्यानात ठेवावी.

कुसाळे याची स्पर्धा काडतुसाच्या रायफलची आहे. नवशिक्यास सोयीची ती १० मीटर अंतरावरील हवाई रायफल. याच प्रकारात हैदराबादच्या गगन नारंग यांनी २०१२ मध्ये लंडन येथे ऑलिंपिक कांस्यपदक पटकाविले, तर ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे जगज्जेता ठरला. मुंबईच्या अंजली भागवत यांनी राष्ट्रीय छात्रसेनेतून या खेळात प्रवेश केला आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये याच प्रकाराची अंतिम फेरी गाठली. छात्रसेनेचे दार खेड्यातील विद्यार्थ्यालाही खुले होऊ शकते, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे.

आता प्रत्यक्ष पहिल्या पावलाकडे वळू. हे पाऊल नेमाचे नसून सुरक्षिततेचे आहे. बंदूक भरलेली नाही अशी खात्री असली तरी ती भरलेलीच आहे असे समजून वागावे. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेस असावे, ते माणसाकडे वा जनावराकडे थट्टेनेही वळवू नये. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. लक्ष्यापाशी कोणी जात असेल, तर बंदूक उघडी व रिकामी करून खाली ठेवावी. लक्ष्यामागे छर्रा अडविणारी पेटी असावी. उघड्या दगडी भिंतीवरून छर्रा उसळून परत येतो, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सराव संपल्यावर हात स्वच्छ धुतल्याखेरीज भाकरीला हात लावू नये.

कायद्याचीही जाण हवी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० जूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या हवाई बंदुकीस परवान्याची सक्ती नाही. परवाना लागत नाही म्हणून ती खेळणे ठरत नाही. तिचा छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. वन्य पक्ष्यांची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये गुन्हा आहे. पैनगंगेपलीकडील टिपेश्वर अभयारण्य आणि अलीकडील कवाल व्याघ्र प्रकल्प यांच्या सान्निध्यात राहणाऱ्यांस हे अधिक सांगणे नको. खऱ्या नेमबाजाचे लक्ष्य कागदाचे असते. सजीवावर बंदूक रोखणाऱ्यास या खेळात स्थान नाही.

दुसरे पाऊल उभे राहण्याचे. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने डावी बाजू लक्ष्याकडे करून, पावले खांद्यांइतक्या अंतरावर ठेवून उभे राहावे. डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगडीला टेकवावे आणि रायफलचे ओझे त्या हातावर तोलावे. दस्ता उजव्या खांद्यात नीट बसवावा. रायफलचा भार स्नायूंनी नव्हे, हाडांनी पेलावयाचा असतो, कारण स्नायू थकतात आणि थरथरतात. शरीर योग्य दिशेस आहे किंवा नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. नेम धरून डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. नळी बाजूला सरकली असेल तर हातांनी ती ओढू नये, पावले किंचित हलवावीत.

तिसरे पाऊल श्वासाचे आणि चापाचे. श्वास सोडता सोडता जो स्वाभाविक विराम येतो, त्या काही क्षणांत चाप हळूहळू, एकसारखा मागे घ्यावा. चाप ओढला की नळी हलते आणि दाबला की ती स्थिर राहते. सहा-आठ सेकंदांत छर्रा सुटला नाही, तर हट्ट न धरता रायफल खाली घ्यावी व पुन्हा प्रारंभ करावा. छर्रा सुटल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवावा. लागला की नाही हे पाहण्याच्या घाईने मान वर करणे, ही नवशिक्याची नेहमीची चूक होय.

हा सराव छर्रा न घालताही करता येतो. अनुभवी खेळाडूदेखील अशा कोरड्या सरावाला पुष्कळ वेळ देतात. मात्र काही बंदुकांना रिकामा चाप ओढणे अपायकारक असते, म्हणून मार्गदर्शकास विचारूनच तो करावा. प्रथम छर्रे झाडताना गुणांच्या वर्तुळाऐवजी कोऱ्या कागदावर पाच छर्रे मारावेत आणि ते एकमेकांच्या किती जवळ पडले, एवढेच पाहावे. पाचही छिद्रे एका जागी, पण मध्यापासून दूर पडली, तर दोष नेमदर्शकाचा असून तो लगेच सुधारता येतो. छिद्रे विखुरली, तर दोष बहुधा नेमबाजाच्या उभे राहण्यात वा चापाच्या हाताळणीत असतो आणि तो दूर करण्यास महिने लागतात.

या खेळाची सूक्ष्मता किती असावी? लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतो. असे ६० छर्रे सव्वा तासात मारावयाचे असतात. हाताच्या ताकदीने किंवा डोळ्याच्या तेजाने एवढेच साधत नाही. त्यासाठी मनाला शांत राहावयास शिकवावे लागते. एक छर्रा चुकला म्हणून पुढचा रागाने मारणारा स्पर्धक पुढील दहा छर्रे गमावून बसतो.

गावाने आणि शाळेनेही काही करावयास हवे. दहा मीटर लांबीची मोकळी जागा, एकाच बाजूने येजा असलेली खोली, छर्रे अडविणारी पेटी आणि दक्ष शिक्षक, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. एक रायफल दहा मुलांना पुरते, कारण नेम धरणाऱ्याइतकेच आपल्या पाळीची शांतपणे वाट पाहणाराही शिकत असतो. चुणूक दाखविणाऱ्या मुलास पुढे हैदराबाद किंवा पुण्याजवळील बालेवाडीसारख्या केंद्रापर्यंत पोहोचविणे, ही मग वडीलधाऱ्यांची जबाबदारी ठरते.

प्रत्येक मुलाला पदक मिळेल, असे आश्वासन कोणीही देऊ नये. परंतु ज्या मुलाने चापावर बोट ठेवण्यापूर्वी थांबावयास शिकून घेतले, त्याच्या हातातील बंदुकीची भीती गावाला उरणार नाही आणि झाडावरील पारव्यालाही नाही. नेमबाजीच्या पहिल्या पावलाचे हेच खरे फळ होय.